केशवपंत

चूक दिसली की लाल पेनाने खूण करायची आणि पुढच्या ओळीवर जायचं. मुद्रितशोधनात बावीस वर्षं काढल्यावर हात आपोआप तसाच चालतो. गेल्या पावसाळ्यातल्या एका दुपारी मात्र मी एका शब्दाशी थांबले, आणि त्या दिवशी पुढचं एकही पान वाचून झालं नाही.

काम हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’च्या नव्या आवृत्तीचं होतं. हरिभाऊंनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं, त्यात ही कादंबरी क्रमशः आली आणि १८९३ मध्ये तिचं पुस्तक झालं. लिहिणारा पुरुष, पण सगळं सांगते ती यमू. माहेर, सासर, मुंबईतले नवऱ्याबरोबरचे थोडे सुखाचे दिवस, मग वैधव्य, आणि शंकरमामंजींनी बळजबरीने काढायला लावलेले केस. आमच्या प्रकाशकांकडे मूळची जुनी प्रत होती. कसरीने खाल्लेली, कड धरली की कागदाचा चुरा होणारी.

नव्या आवृत्तीची प्रस्तावना एका प्राध्यापिकाबाईंनी हाताने लिहून दिली होती. प्रुफाच्या तिसऱ्या पानावर वाक्य आलं: ‘नवरा वारल्यावर यमूचे जबरदस्तीने केशवपंत करण्यात येते.’

डीटीपी करणाऱ्या मुलीला बोलावून घेतलं. बावीस वर्षांची पोर, कामाला चोख, तिच्या मजकुरात काना-मात्रा सहसा चुकत नाही.

“ताई, मला ते ‘केशवपत’ दिसलं,” ती म्हणाली. “बाईंचा ‘न’ त्यांच्या ‘त’सारखाच आहे. असा काही शब्द नसतो, म्हणून वाटलं टिंब राहिलं असेल.”

तिच्यावर रागवावं असं यात काहीच नव्हतं. ज्या शब्दाच्या नुसत्या धाकाने हजारो बायका जन्मभर अंधाऱ्या खोल्यांत बसल्या, तो तिने उभ्या आयुष्यात ऐकलेला नव्हता. शब्द ‘केशवपन’ आहे, म्हणजे विधवेचं डोकं वस्तऱ्याने भादरणं, हे मी सांगितलं. सकेशा म्हणजे केस राखलेली विधवा, सोवळी म्हणजे केस काढलेली, आलवण म्हणजे तिने नेसायचं लुगडं, तेही सांगितलं. ती ऐकत होती. मग तिने विचारलं, “पण केस परत वाढतात ना? मग?”

हा प्रश्न मला कधीच पडला नव्हता. ही कादंबरी मी चार वेळा वाचली आहे. दर वेळी त्या एका प्रसंगाशी रडले आहे, आणि दर वेळी तो एकच प्रसंग धरून बसले आहे.

उत्तर मागून आलं. आमच्याकडे फर्म्यांना, म्हणजे पुस्तकाच्या छापील मोठ्या कागदांना, घडी घालायला एक मावशी येतात. सत्तरी ओलांडली आहे, पण कागदावरून हात फिरतो तो अजून सुरीसारखा. मान वर न करता त्या म्हणाल्या, “मग परत काढायचे. दर पंधरा दिवसांनी. माझे वडील जायचे.”

मावशी नाभिकांच्या, वाईकडच्या, हे मला माहीत होतं. बाकी काही माहीत नव्हतं.

“वडिलांची वस्तऱ्या-कात्रीची धोकटी माझ्याकडं असायची,” त्या म्हणाल्या. “सात-आठ वर्षांची असंन. पुढच्या दारानं नाही, परसदारानं जायचं. एक म्हातारी होती, भिंतीकडं तोंड करून बसायची. वडील काही बोलायचे नाहीत, ती बोलायची नाही. पाण्याचा तांब्या आणि वस्तऱ्याचा आवाज, बस. आम्ही निघालो की ती उठायची आंघोळीला, आमचा विटाळ धुवायला. घरी आल्यावर वडील लगेच जेवायला बसायचे नाहीत.”

मी त्यांना सांगितलं, की ही कादंबरी छापून यायला लागली त्याच १८९० साली मुंबईत नाभिकांनी सभा घेतली होती आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं ठरवलं होतं. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांचा त्यात पुढाकार होता. सुधारणेच्या इतिहासात आपण पुढाऱ्यांची नावं पाठ करतो, या सभेला त्यात मानाची जागा असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

मावशींची घडी थांबली. “आमच्या वाईपर्यंत नाही आलं ते,” त्या म्हणाल्या. “आणि नाही म्हटलं असतं तर बलुतं बंद झालं असतं. आम्ही पाच भावंडं.”

संध्याकाळी प्रकाशकांचा फोन आला. पानं फार होतात, यमूच्या मैत्रिणीचा, दुर्गीचा भाग थोडा आटपा, आणि जुने अनुस्वार काढून टाका. अनुस्वारांचं मी मान्य केलं. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांवर वाढलेल्या वाचकाला ‘नाहीं’, ‘त्यांत’ वाचताना ठेच लागते हे खरं आहे. तरी ‘मी’ आणि ‘मीं’ यांतला फरक पुसताना जीव थोडा दुखला. ‘मी उठले’ वेगळं आणि ‘मीं सांगितलें’ वेगळं, हे ते टिंब आपोआप सांगायचं. दुर्गीला मात्र मी हात लावू दिला नाही. यमूला निदान नवरा चांगला मिळाला. दुर्गीचा नवरा जिवंत होता, हेच तिचं दुःख होतं, आणि तिची पानं गाळली तर कादंबरी फक्त विधवांची होऊन बसते. अर्धा तास बोलले. शेवटी ते म्हणाले, ठीक आहे, टाईप अर्ध्या पॉइंटने लहान करा.

निघायच्या आधी मी जुन्या शब्दांच्या टीपा मावशींना वाचून दाखवल्या. त्यांना एकही टीप नको होती, पण मला त्यांनी ऐकायला हवं होतं. ‘आलवण: सोवळ्या विधवेने नेसायचे लाल लुगडे.’

“लाल लिहू नका,” त्या म्हणाल्या. “वाचणाऱ्याला कुंकू डोळ्यापुढं येईल. धुऊन धुऊन विटलेलं असायचं ते. विटकरी लिहा.”

मुलीने ‘लाल’ खोडून ‘विटकरी’ टंकलं, आणि मला दाखवायच्या आधी स्क्रीन मावशींकडे वळवला.