वेस्पचं ‘डिमेन्शिया गाव’: एजंटच्या नादी लागू नका

डिमेन्शिया, म्हणजे वाढत जाणारा विसरण्याचा आजार, झालेल्यांसाठी नेदरलँड्समध्ये वेस्प इथे वसवलेलं होगेवैक बघायला जायचं असेल तर आधी एवढं समजून घ्या, की गाव हे नुसतं नावाला आहे. कागदोपत्री ते नर्सिंग होम आहे आणि आत राहणाऱ्यांचं ते घर आहे. रस्त्यावरून सरळ आत शिरून हिंडता येत नाही. आम्हाला टूरवाल्याने नेमकं उलटं सांगितलं होतं. “गावच आहे हो मॅडम! मस्त फिरा, आजी-आजोबांशी गप्पा मारा, सुपरमार्केटात चॉकलेटं घ्या.” ‘एल्डरकेअर स्टडी टूर’ असं भारदस्त नाव, अर्ध्या दिवसाचे माणशी साडेचौदा हजार, रेल्वेभाडं वेगळं.

साडेचौदा हजारांत काय मिळालं ते ऐका. विटांची दुमजली भिंत बाहेरून बघायला मिळाली. ती वेगळी बांधलेली भिंत नाही, घरांच्या पाठी रस्त्याकडे आहेत एवढंच. मग काचेचं एकुलतं एक दार, रिसेप्शन, आणि रेस्टॉरंटमध्ये कॉफी. रेस्टॉरंटमध्ये बाहेरच्यांना एरवीही बसता येतं. कॉफीचे पैसे आमचे आम्ही दिले. गाइड म्हणून आलेला मुलगा मोबाइलमध्ये बघून वाचत होता आणि 2009 साली सुरू झालं एवढंच त्याने तीनदा सांगितलं. विचारलं, आत कधी जायचं? तर म्हणे, “आज त्यांची परमिशन नाही आली.” परमिशन मागितलीच नव्हती हे रिसेप्शनवरच्या बाईंनी दोन वाक्यांत सांगितलं.

पैशांचा राग आहेच, पण खरा संताप वेगळ्याचा. आमच्या गटात नाशिकचं एक जोडपं होतं. सासऱ्यांना इथे ठेवता येईल का याची चौकशी करायला म्हणून ते आले होते आणि एजंटने ‘बघू, बोलून घेऊ’ म्हणत त्यांना झुलवलं होतं. कुणी असं सांगत असेल तर फोन ठेवून द्या. होगेवैकचा खर्च नेदरलँड्सच्या दीर्घकालीन शुश्रूषेच्या कायद्याखाली, म्हणजे तिथे राहणाऱ्या आणि कमावणाऱ्यांच्या सक्तीच्या विम्यातून चालतो. 2015 पासून तो कायदा Wlz या नावाने, म्हणजे डब्ल्यूएलझेड म्हणून ओळखला जातो. सरकारी तपासणीत चोवीस तास देखरेखीची गरज सिद्ध व्हावी लागते, आणि शिवाय उत्पन्नाप्रमाणे स्वतःचा वाटा भरावा लागतो. टुरिस्ट व्हिसावर आलेल्या सासऱ्यांचा यात कुठेच संबंध येत नाही.

नीट बघायचं असेल तर रस्ता एकच. त्यांच्याशी थेट मेलवर बोला, भेट आधी ठरवा, पैसे भरा. या भेटी मुख्यतः या क्षेत्रात काम करणाऱ्यांच्या गटांसाठी असतात. माझी भाची ॲम्स्टरडॅमजवळ ॲम्स्टेलवीनला असते, होम-केअरमध्ये आहे. तिच्या टीमच्या भेटीत दोन जागा निघाल्या म्हणून मी आणि हे पुन्हा गेलो. अशी ओळख नसेल तर आपल्याकडच्या एखाद्या संस्थेमार्फत गट करा. एकट्यादुकट्याने आशेवर जाऊ नका.

ॲम्स्टरडॅम सेंट्रालहून वेस्प पाव तासाच्या आसपास. स्टेशनवर गेटला बँकेचं कार्ड टेकवलं की झालं, पण बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस ही दोन्ही बटणं भारतातूनच चालू करून जा, नाहीतर गेट उघडत नाही आणि मागे रांग लागते. उतरल्यावरही कार्ड टेकवायचं, विसरलात तर 20 युरोंची फोडणी. शनिवार-रविवार टाळा, रूळांची कामं बहुधा तेव्हाच काढतात आणि बसने फिरवतात. स्टेशनापासून पुढे वीसेक मिनिटं चालायचं. लालसर पट्टा सायकलींचा, त्यावरून चालू नका. वारा इतका की छत्री उलटी होते, टोपीचं जॅकेटच घ्या. गुडघे बरे असतील तर काही नाही.

आता आतलं. सुमारे 4 एकरांत 27 घरं, सगळी मिळून 180च्या वर माणसं, सगळ्यांचा डिमेन्शिया पुढच्या टप्प्यातला. एका घरात सहा-सात जण. आधी याच जागी नेहमीचं मजल्या-मजल्यांचं नर्सिंग होम होतं. तिथेच काम करणाऱ्या इव्होन फान आमेरोंगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःला विचारलं, की आपल्या आईवडलांना आपण इथे ठेवू का? उत्तर नाही असं आलं आणि तिथून हे सगळं सुरू झालं. बांधायला जवळपास 1 कोटी 93 लाख युरो लागले, बहुतेक सरकारी.

व्हिडिओत जे दिसतं ते चौक, तळं, थिएटर, केशकर्तनालय, सगळं आहे. मला त्याचं फार काही वाटलं नाही. सुपरमार्केट म्हणजे आपल्या सोसायटीखालचं बरं दुकान. एक आजोबा ट्रॉलीत बिस्किटांचे एकाच प्रकारचे पुडे रचत होते. कुणी अडवलं नाही, नंतर कुणीतरी निम्मे परत फळीवर ठेवले. लिफ्टला बटण दाबावं लागत नाही, माणूस आत शिरला की ती आपोआप वर किंवा खाली जाते. हे मात्र झकास. आमच्या आईंनाही हाच आजार, त्या लिफ्टमध्ये बटणांकडे बघत उभ्या राहतात आणि मग रडकुंडीला येतात.

खरी बघण्यासारखी गोष्ट स्वयंपाकघर. प्रत्येक घराचं आपलं, आणि रोजचं जेवण तिथेच शिजतं. एक बाई टेबलाशी बसून बटाटे सोलत होत्या. साल जाडच निघत होतं, अर्धा बटाटा सालाबरोबर चालला होता. शेजारी बसलेली मदतनीस साध्या कपड्यांत, स्वतःचा बटाटा सोलत. तिने त्यांच्या हातातली सुरी काढून घेतली नाही की ‘राहू द्या आजी’ म्हटलं नाही. आपल्याकडे हेच होत नाही. आईंनी भाजीची सुरी हातात घेतली की आम्ही चौघं एकदम ओरडतो.

घरं राहणीप्रमाणे वाटलेली. सुरुवातीला सात प्रकार होते. कारागीर घरातली माणसं एकीकडे, कलेत रमणारी दुसरीकडे, आणि इंडोनेशियात वाढलेल्यांसाठी भाताचं जेवण असलेलं घर वेगळं. पुढे चारच प्रकार केले. आपल्याकडे असं काढलं तर सदाशिव पेठ आणि दादर एका घरात नांदणार नाहीत हे उघड आहे. जातीवरून वाटणी व्हायची भीती मला लगेच वाटली. भाची म्हणाली, प्रश्न बरोबर आहे, पण संध्याकाळी कीर्तन लावायचं की टीव्हीवर क्रिकेट, यावरून तरी वाटा.

‘खोटं गाव उभारून आजारी माणसांची ही फसवणूक आहे’ अशी टीका होते. मला ती पटली नाही. दुकानात खरा माल आहे, जेवण खरं आहे. पण दार एकच आणि त्याशी माणूस बसलेला असतो, हेही खरं. आमच्यासमोर एक बाई पर्स घेऊन दारापर्यंत आल्या, रिसेप्शनवाल्याने काहीतरी बोलत त्यांना कॉफीकडे वळवलं. इथे राहायला आलेलं माणूस बहुतेक वेळा शेवटपर्यंत इथेच राहतं. एवढं कौतुक करणाऱ्यांनी ते वाक्य एकदा स्वतःशी म्हणून बघावं.

माझा निकाल असा. परवडत असेल आणि तुम्ही वृद्धाश्रम, डे-केअर, घरी मदतनीस पुरवणारा ब्युरो यापैकी काही चालवत असाल, तर जा. घरात एक आजारी माणूस असलेल्यांनी खास तिकीट काढून जाऊ नये. 2023 मध्ये आलेल्या अंदाजाप्रमाणे भारतात साठीपुढचे सुमारे 88 लाख लोक डिमेन्शिया घेऊन जगताहेत. तेवढ्यांना 4 एकर कुठून आणणार? भिंत, तळं, थिएटर सोडून द्या. एका टेबलाशी सहा-सात माणसं, घरच्या कपड्यातली मदतनीस, दिवसभर शिजण्याचा वास, हे कोथरूडच्या तीन खोल्यांतही जमेल. मी परतल्यावर ब्युरोच्या ताईंचा निळा एप्रन काढून टाकला. आई त्यांना आता ‘नर्स’ म्हणून हाक मारत नाहीत, ‘वहिनी’ म्हणतात आणि औषध घेतात.

वेस्प स्वतः छान आहे, नदीकाठ वगैरे. तासभर फिरलो, फोटो काढले. आत राहणाऱ्यांचे मात्र काढू नका.

मागे घरी कोण थांबणार ते तिकिटाआधी ठरवा. नवी बाई आयत्या वेळी आणलीत तर संध्याकाळी आजारी माणसाचं ‘मला घरी जायचंय’ सुरू होतं आणि तुम्हाला तिथे व्हिडिओ कॉलवर समजूत काढत बसावं लागतं. तिला निदान आठवडाभर आधीपासून घरात येऊ द्या. ब्युरोवाले निघायच्या आदल्या दिवशी दर वाढवतात, रात्रपाळीचा आकडा व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.