टिश्यूने पुसलेले कण

मंगळवार, रात्रीचे पावणेबारा

आज टेबल आवरताना सायलीने स्टररची बीड, म्हणजे द्रावण ढवळायची छोटी चुंबकदांडी, माझ्या बाटलीजवळून नेली आणि आतली पूड हलली. अगदी थोडी. काचेला लागून केसभर वर चढली, बीडच्या मागोमाग सरकली. सायलीने माझ्याकडे पाहिलं आणि काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

बाटलीत माझी बॅटरीची पूड, लिथियम आयर्न फॉस्फेट. ते शुद्ध असेल तर साध्या चुंबकाला दाद देत नाही. त्यातल्या लोखंडाच्या आयनांना चुंबकीय शिस्त लागते ती उणे 220 अंशांच्याही खाली, आणि तेव्हाही शेजारी-शेजारी उलट तोंडं करून. म्हणजे बाटलीत हललं ते दुसरं काहीतरी. सुटं लोखंडच असणार. दळायचं झिर्कोनियाचं, म्हणजे सिरॅमिकचं, भांडं जूनमध्ये तडकलं, नव्याचा कागद अजून टेबलाटेबलांवर फिरतोय, म्हणून मी स्टीलच्या भांड्यात स्टीलचे गोळे घालून बारा-बारा तास दळत होते. गोळे झिजतात. हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळतं.

पण मला झोप येत नाहीये ती त्यामुळे नाही.

गणपतीच्या आधी स्लरी, म्हणजे इलेक्ट्रोडसाठी पूड आणि कार्बन कालवलेला लगदा, ढवळून झाल्यावर बीड बाहेर काढली, तेव्हा तिच्या दोन्ही टोकांना काळी लव उभी होती. कार्बन असेल म्हटलं, तो कुठेही चिकटतो. एनएमपी या द्रावकाने धुतली. मधला भाग पांढरा झाला, टोकांवरचे कण उभेच. मग मी टिश्यू घेतला, पुसलं, टिश्यू डब्यात टाकला. अर्ध्या मिनिटाचं काम. तो टिश्यू आज दिवसभर डोळ्यांसमोर आहे.

का पुसलं मी? एक्स-रेच्या आलेखात एकही परकं शिखर नव्हतं, हे खरं. अर्धा-एक टक्का लोखंड त्यात दिसतच नाही, हेही मला माहीत होतं. क्षमता ग्रॅममागे 170 पैकी 151 मिलिअँपिअर-तास मिळाली होती. सर सगळ्यांसमोर ‘छान’ म्हणाले होते. वर्षभरात पहिल्यांदा. तो शब्द मला ठेवायचा होता.

आणि असलं लोखंड सेलमध्ये गप्प बसत नाही. विरघळतं, दुसऱ्या इलेक्ट्रोडवर जाऊन साचतं, सेल आतून झिजवतं. माझे सेल चार्ज-डिस्चार्जच्या पन्नासाव्या फेरीनंतर का खचायचे, याचा दोष मी इलेक्ट्रोलाइटला देत बसले होते. दिवाळीला घरी गेले नाही ते याच सेलसाठी. आईला काय सांगितलं होतं ते आता लिहवत नाही.

संध्याकाळी भिंतीवरच्या जॉन गुडइनफ या शास्त्रज्ञाच्या फोटोखाली बराच वेळ बसले होते. 1950च्या दशकात एमआयटीच्या लिंकन लॅबमध्ये संगणकाच्या स्मृतीसाठी फेराइटच्या, म्हणजे चुंबकी लोह-ऑक्साइडच्या, कड्यांवर काम करणारा माणूस. दोन धातूंचे आयन मधल्या ऑक्सिजनमार्फत एकमेकांना कसं वळवतात, याचे नियम त्याच्या आणि कानामोरीच्या नावाने आहेत. चौपन्नाव्या वर्षी ऑक्सफर्डला गेला, 1980 साली बॅटरीसाठी लिथियम कोबाल्ट ऑक्साइड, मग ऑस्टिनला जाऊन 1997 साली पाधी आणि नंजुंडस्वामी यांच्याबरोबर हेच माझं फॉस्फेट. त्याचं चुंबकत्व आणि त्याची बॅटरी ही एकच गोष्ट होती: ऑक्साइडमधले इलेक्ट्रॉन कुठे बसतात, कधी उठतात. आमच्याकडे सायली मॅग्नेटवाली, मी बॅटरीवाली, मध्ये एक कपाट. तिच्या चुंबकत्व मोजणाऱ्या मशीनवर चिमूटभर पूड दिली असती तर ऑगस्टमध्येच कळलं असतं. मी मागितलंच नाही.

जेवून परत लॅबमध्ये गेले. दोन ग्रॅम पूड आयपीएमध्ये, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, ढवळली, बीड पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून तीनदा त्यातून फिरवली. प्लास्टिक उलटं करून झटकलं, वाळवलं, तोललं. 11 मिलिग्रॅम. त्यात थोडी माझी पूडही ओढली गेली असणार. तरी 11. आकडा वहीत लिहिला आणि कितीतरी दिवसांनी खांदे सैल पडले. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. दळण्यात गेलेले महिने गेलेच, पण सेल का मरत होते ते आता हातात आहे. कागदावर काळं, खाली बीड धरली की काट्यांसारखं उभं.

सायलीला फोन केला. म्हणाली, शुक्रवारी मशीन मोकळं आहे, दोन नमुने आण, दळण्याआधीचा आणि नंतरचा.

सरांना लिहिलं: ‘सर, गणपतीआधीच दिसलं होतं, मी सांगितलं नाही. उद्या दहा मिनिटं हवी आहेत.’ शेवटून दुसरं वाक्य दोनदा खोडलं, परत लिहिलं, पाठवलं.

उत्तर आलंय. ‘ये. नऊला. पूड घेऊन ये.’