तारकर्ली-मालवण : मास्कमध्ये पाणी शिरते तेव्हा

फेब्रुवारीत चार दिवसांची रजा काढून मी स्कूबाच्या, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाण्याच्या, ‘ओपन वॉटर’ या प्राथमिक अभ्यासक्रमासाठी तारकर्लीला गेलो होतो. 200 मीटर पोहण्याची आणि 10 मिनिटे तरंगण्याची चाचणी सहज पार पडली. अडलो ते डोळे आणि नाक झाकणाऱ्या काचेच्या मास्कमध्ये मुद्दाम पाणी घेऊन ते पाण्याखालीच बाहेर काढण्याच्या सरावात.

सरावाच्या पोहण्याच्या तलावाच्या तळाशी गुडघ्यांवर बसून मास्कची कड उचलली, गार पाणी नाकपुड्यांना लागले आणि मी नकळत नाकाने श्वास ओढला. ठसका लागताच वर झेपावू लागलो, तेव्हा प्रशिक्षकांनी दंड धरून रेग्युलेटरमध्येच (टाकीतली हवा देणाऱ्या, तोंडात धरायच्या साधनात) खोकायला खुणावले. तसे खोकता येते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. समुद्रात 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथून श्वास रोखून वर धावल्यास फुगणाऱ्या हवेने फुप्फुसांना इजा होऊ शकते, त्यामुळे ही धडपड नाकात गेलेल्या पाण्याहून कितीतरी घातक आहे.

अडचण नाक आणि तोंड वेगळे ठेवण्याची होती. त्या संध्याकाळी खोलीवर बादलीत चेहरा बुडवून, मास्क न लावता, स्नॉर्केलने (पाण्याबाहेर टोक असलेल्या श्वासनळीने) तोंडानेच श्वास घेत राहिलो. जलनेती करणाऱ्यांना ही सवय आधीच असते; इतरांनी निघण्यापूर्वी आठवडाभर तरी हा सराव करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

मालवणच्या समुद्रात 6 मीटरवर सोबत्याचा फिन (पायात घालायचा वल्ह्यासारखा पंख) लागून माझा मास्क खरोखरच भरला. डोळे झोंबले, समोर फक्त हिरवट धूसर उजेड उरला. आधी तोंडाने दोन सावकाश श्वास घेतले, मग मास्कची वरची कड कपाळावर दाबून, मान किंचित वर करून नाकाने लांब उच्छ्वास सोडला. बुडबुडे गालांवरून सरकत गेले आणि पाण्याची रेघ डोळ्यांखाली उतरली. उरलेले पाणी दुसऱ्या उच्छ्वासात गेले.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी मास्क भरल्यावर डोळे मिटून घ्यावेत. मिशीमुळे मास्क झिरपतो, म्हणून मी नाकाखालची पट्टी काढून टाकली. कडेखाली केस अडकले तरी तेच होते. एका दिवसाच्या पर्यटक डाइव्हसाठी जाणाऱ्यांनीही, खोल पाण्यात नेण्याआधी कमरेएवढ्या पाण्यात हे दोनदा करवून घ्या, असे प्रशिक्षकांना स्पष्ट सांगावे आणि घाई होत असेल तर उतरण्यास नकार द्यावा.