डेल्फिनियम, गोगलगायी आणि गुळाचं गोणपाट

मार्चमध्ये नऊ पौंड मोजून डेल्फिनियम या फुलझाडाचं एक रोप आणलं. मागच्या अंगणात लावलं. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर चार खुंट आणि मातीवर चकाकणारी शेंबडाची रेघ. गोगलगाय, तीही बिनशंखाची.

झाड विषारी आहे बरं. पान, बी, सगळंच. अमेरिकेत याची रानटी भावंडं खाऊन गुरं मरतात. या बयेला मात्र कोथिंबीर!

शेडमध्ये आधीच्या मालकाचा निळ्या गोळ्यांचा डबा सापडला, मेटाल्डिहाइडचा, म्हणजे गोगलगायी मारायच्या औषधाचा. हात शिवशिवले. पण २०२२ च्या वसंतापासून इथे ब्रिटनमध्ये उघड्यावर त्या वापरायला बंदी आहे, हेजहॉग आणि पक्ष्यांना धोका म्हणून. शेवटी डबा कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, कचरा केंद्रावर नेऊन दिला, आणि परत येताना गाडीत एकटाच चरफडलो. आमच्या लातूरकडे सोयाबीन कोवळं असताना शंखी गोगलगायी रात्रीत वावर साफ करतात, दुबार पेरणीची पाळी येते. तिथे शेतकरी हेच औषध टाकतो ते काय हौसेनं? तसा तो विषय इथे कुणी काढलाही नव्हता म्हणा, भांडण माझं माझ्याशीच चाललेलं.

शेजारच्या आजी रोज रात्री टॉर्च आणि बादली घेऊन गोगलगायी वेचतात. सत्तरी ओलांडलेल्या, पावसातसुद्धा. मला नाही जमत, सकाळची शिफ्ट असते.

मग आबांची युक्ती आठवली. लेस्टरच्या बेल्ग्रेव्ह रोडवरून, भारतीय दुकानातून गूळ आणला, कॉफीवाल्याकडून बियांचं रिकामं पोतं मागून घेतलं. गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी रोपाशेजारी अंथरलं. सकाळी उचललं तर खाली एकोणीस! एकमेकींना चिकटलेल्या, जेवणावळ उठल्यासारख्या सुस्त. आजींना बोलावून दाखवलं. त्यांनी पोत्याचा वास घेतला, हसल्या आणि दुसऱ्या दिवशी गूळ मागायला आल्या. त्या दिवशी छाती जरा फुगलीच.

खुंटांना पुन्हा फुटवे आले. जूनअखेर दोन तुरे, माझ्या खांद्याइतके, बांबूला सुतळीने बांधलेले. दांडा पोकळ असतो, वाऱ्यात मोडतो. फुलं सरली की तुरा कापायचा, म्हणजे सप्टेंबरात पुन्हा येतो, असं आजी म्हणतात.

ट्रेकवाल्या मित्राला फोटो पाठवला. त्याचं लगेच उत्तर: "अरे, ही निळवंतीची बहीण. आपल्या सह्याद्रीत पावसाळा सरता सरता कातळावर आपोआप येते की. तू गूळ कशाला घातलास?"