मुलाचा बीपी आणि माझा एकच प्रश्न

शाळेच्या क्रीडास्पर्धांआधीच्या तपासणीत आमच्या पंधरा वर्षांच्या मुलाचा बीपी १३८/८६ निघाला. मला तिशीतच गोळी सुरू झाली, माझ्या वडिलांनाही होती. त्यामुळे डॉक्टरांना मी एकच विचारलं: याला पुढे बीपी होणार का?

उत्तर देण्याआधी त्यांनी कफ, म्हणजे बीपी मोजताना दंडाला बांधायचा पट्टा, बदलला. पोरगा अंगानं भरलेला. दंडाला लहान पडणारा कफ बांधला की आकडा उगाच वर जातो. पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून पुन्हा मोजलं. उतरला, पण १३२ वर अडला. तेराव्या वर्षापासून १३०/८० च्या पुढे जास्त धरतात. मात्र तीन वेगवेगळ्या भेटींत तसाच आला, तरच निदान. तिन्ही वेळा जास्तच आला. मग लघवी, मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन, साखर, कोलेस्टेरॉल अशा तपासण्या. सगळं ठीक.

खरा वैताग घरी २४ तास बीपी मोजत राहणाऱ्या यंत्राचा. दिवसा दर वीस मिनिटांनी दंड आवळणार, रात्री थोडं विरळ, पण झोपेचं खोबरं ठरलेलं. ‘‘बाबा, काढून टाकू का हे?’’ हे त्या रात्री मी किती वेळा ऐकलं! निकाल मात्र बोलका होता: दिवसाची सरासरी १२२/७०, झोपेत १०६/५८. म्हणजे व्हाइट कोट हायपरटेन्शन, दवाखान्यातच चढणारा बीपी. मी सुटकेचा श्वास सोडला, डॉक्टरांनी नाही. अशा मुलांवरही लक्ष ठेवावं लागतं, म्हणाले.

माझ्या प्रश्नाकडे ते शेवटी वळले. अमेरिकेत बोगालुसा इथे १९७३ पासून आणि फिनलंडमध्ये १९८० पासून मुलांची मापं घेऊन ती मोठी होईपर्यंत पाठपुरावा झाला आहे. लहानपणी ज्यांचा बीपी वरच्या बाजूला, त्यांचा पुढेही तिकडेच राहण्याकडे कल असतो. पण नातं सैल. २००८ साली ५० अभ्यास एकत्र केले, तेव्हा वरच्या आकड्याचा सहसंबंध (० म्हणजे नातंच नाही, १ म्हणजे पक्कं) साधारण ०.३८ आणि खालच्याचा ०.२८ भरला. तो १ असता तर मुलाचं भविष्य आजच लिहून देता आलं असतं. आईवडिलांचा बीपी आणि वजन जोडलं की अंदाज सुधारतो, तरी तो अंदाजच. ‘‘अशा शंभर मुलांबद्दल बोलू शकतो, तुमच्या एकाबद्दल नाही,’’ असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मला हे ज्योतिषापेक्षा बरं वाटलं.

सगळ्यात उपयोगी माहिती वजनाची निघाली. चार दीर्घ अभ्यासांच्या २०११ च्या एकत्रित विश्लेषणात, लहानपणी जाड पण मोठेपणी जाड न राहिलेल्यांना उच्च रक्तदाबाचा धोका कधीच जाड नसलेल्यांइतकाच दिसला. बाप काही बदलता येत नाही, वजन येतं. म्हणून गोळी नाही. रोज तासभर घाम येईल असा खेळ, दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत, आणि पुरेशी झोप. मिठाचा नियम घरात सगळ्यांना लागू झाला, त्यावर कुरकुर माझीच जास्त.

स्पर्धांना परवानगी मिळाली. वर्षभरानं ते यंत्र पुन्हा लावायचं आहे. त्याला अजून सांगितलेलं नाही.