एक नंबर खालचा जेट

तो पिस्टन अजून माझ्या टेबलावर आहे. एक्झॉस्टच्या बाजूनं उभा खरवडलेला, रिंगा ॲल्युमिनियमखाली चिणलेल्या. गिऱ्हाईक आलं की त्यावर फडकं टाकतो.

बेळगावजवळच्या येळ्ळूरचा पोरगा. एप्रिलात बापाची यामाहा आरएक्स १०० ही जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल घेऊन आला. "मामा, कायबी करा, खरं पिकअप पाहिजे." उद्यमबागेत असं म्हणणारे आठवड्याला दोन तरी येतात आणि निम्म्यांच्या गाडीत नवं काही घालायचंच नसतं. एक्झॉस्ट पोर्टात, म्हणजे सिलिंडरातून धूर जायच्या खिडकीत, कार्बनचा थर, सायलेन्सर तेलकट काजळीनं चोंदलेला, कार्बोरेटरात कचरा. याचीही तीच गत. साफ केली, पळाली. कंपनीचे ११ हॉर्सपॉवर परत आले की नाही कोण जाणे. माझ्याकडे ताकद मोजायचा डायनो नाही, पिरनवाडीपुढचा सरळ रस्ता आहे.

पोराला आरएक्स १३५ चा ब्लॉकच, म्हणजे मोठा सिलिंडर, हवा होता. आधी स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, बदलून बघ म्हटलं, स्वस्तात ओढ वाढते, टॉप थोडा जातो. नको म्हणाला. दोन्ही गाड्यांचा स्ट्रोक ५० मिमी, बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ५० चा ५८ होतो, ९८ सीसीचे १३२. आरसी बुकावर मात्र ९८ च राहतात, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला हे चालत नाही. हे त्याला सांगितलं. सांगितलं आणि केलं. आम्ही सगळे तेच करतो.

पोर्टिंगला, म्हणजे सिलिंडरच्या या खिडक्या घासायच्या कामाला, मी दुसऱ्याचा हात लागू देत नाही. हल्ली व्हिडिओ बघून एक्झॉस्ट पोर्ट वर वर चढवत नेणारे झालेत. वरच्या आरपीएमला गाडी किंचाळते, खाली दम नाही, आणि पोरगं गावात दिवसभर क्लच जाळत फिरतं. मी मिक्स्चर आत नेणाऱ्या ट्रान्सफर पोर्टांमधलं ओतकामाचं खडबडीत तेवढं घासलं आणि पोर्टांच्या कडा मोडल्या. कड धारदार राहिली तर रिंग अडकते.

मे महिन्यात दुपारच्या उन्हात जेटिंग केलं, म्हणजे कार्बोरेटरातून पेट्रोल सोडणारा जेट जुळवला. पोरगा म्हणाला प्लग काळा पडतोय, मायलेज नाही. खोलला, खरंच काळा. मेन जेट एक नंबर खालचा, म्हणजे बारीक भोकाचा, घातला. प्लग बिस्किटाच्या रंगाचा आला. मी खूश.

ऑगस्टात तो पहाटे चोर्ला घाटातून गोव्याला निघाला. बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर. मेच्या उन्हात इथली हवा विरळ, तिला तो जेट पुरत होता. खाली पावसाळी, गार, दाट हवा. पेट्रोल तेवढंच, हवा जास्त, मिक्स्चर लीन, आणि लीनवर इंजिन तापतं. त्यात घाटभर थ्रॉटल बंद करून इंजिनवर उतरवलेली. ऑइल पंपही थ्रॉटलच्याच केबलवर, म्हणजे तेलही तुटपुंजं. केरीजवळ सपाट रस्ता लागला आणि त्यानं खेचली. पिस्टन अडकला, मागचं चाक जागेवर धरलं. कोपर सोललं. मागचा टेम्पो वेळेत थांबला, म्हणून तेवढ्यावर निभावलं.

पहिले दोन दिवस मी ब्लॉक आतून कातून देणाऱ्या रिबोअरवाल्यावर ढकलून बघितलं. त्याला कायम घाई, पिस्टनभोवतीची जागा, क्लिअरन्स, घट्ट ठेवली असणार. खरं घट्ट असता तर पिस्टनच्या चारी कोपऱ्यांवर खुणा दिसल्या असत्या. नुसतं तेल कमी पडलं असतं तर इनटेकची बाजू आधी गेली असती. हा एक्झॉस्टच्या बाजूला खरवडलाय, आणि प्लग पांढराफट. म्हणजे उष्णता, म्हणजे जेट. जेट मी घातलेला.

त्या पोराला मी बजेट विचारलं, मायलेज किती चालेल विचारलं, बापाला ठाऊक आहे काय तेही विचारलं. गोव्याला जातोस काय, एवढं विचारलं नाही. बेळगावच्या पोराला!

ओव्हरसाइज पिस्टन टाका म्हणून तो रोज फोन करतोय. परवा बाप आला. ओरडणार म्हणून मी आपणच फडकं काढलं, जेटचं सगळं सांगितलं. त्यांनी पिस्टनकडे बघितलंसुद्धा नाही.

"जुना ब्लॉक ठेवलायसा न्हवं?"

ठेवला होता, ऑइल लावून, पेपरात गुंडाळून. त्यांनी पेपर सोडून बोअरमधून एकदा बोट फिरवलं, परत गुंडाळला आणि पिशवीत घातला. गाडीचं काय करू विचारलं.

"असू दे हितंच," म्हणाले, आणि बस स्टॉपकडं चालत गेले.