वजन हातावर लिहून घेणारं गाव

क्वीन्सटाउन, न्यूझीलंड, शनिवार

साडेनऊ वाजून गेलेत आणि बाहेर अजून पुस्तक वाचता येईल एवढा उजेड आहे. जानेवारीत इथे दिवस मावळायचं नाव घेत नाही. भाची मात्र गाढ झोपली आहे. तिच्या डाव्या पंजावर मार्करने लिहिलेला आकडा आंघोळ करूनही पुरता गेलेला नाही.

ते तिचं वजन. आज ती कावाराऊ नदीच्या पुलावरून बंजी उडी मारून आली. पूल १८८० चा, सोन्याच्या खाणींकडे जाणाऱ्या वाटेवरचा. आता गाड्या शेजारच्या नव्या पुलावरून जातात आणि जुन्यावरून माणसं खाली पडतात, त्यासाठी पैसे मोजून. १९८८ मध्ये ए. जे. हॅकेट आणि हेन्री व्हॅन ॲश या जोडीने इथे हा उद्योग थाटला. आदल्या वर्षी हॅकेटने आयफेल टॉवरवरून उडी मारून अटक ओढवून घेतली होती, म्हणजे जाहिरात झालेलीच होती. मूळ कल्पना व्हानुआटूतल्या पेंटेकॉस्ट बेटावरची. तिथले पुरुष घोट्यांना वेली बांधून लाकडी मनोऱ्यावरून जमिनीकडे झेप घेतात. कोनफळासारख्या कंदाचं पीक चांगलं यावं म्हणून.

मला वाटलं होतं, आरडाओरडा असेल, संगीत असेल. संगीत होतंच, पण लक्षात राहिला तो वजनकाटा. आधी काट्यावर उभं करतात आणि आकडा हातावर लिहितात. वर पुलावरचा मुलगा तो वाचून त्या वजनाला चालेल तीच रबरी दोरी घेतो. मग घोट्यांभोवती चक्क अंघोळीचा टॉवेल गुंडाळतात, त्यावर पट्टे. पाण्याला हात लावायचाय का, डोकं बुडवायचंय, की कोरडंच राहायचंय, हेही विचारून घेतात. भाची म्हणाली, "हात." मग बांधलेल्या पायांनी फुदकत फुदकत फळीच्या टोकाशी गेली. खाली ४३ मीटरवर निळंहिरवं पाणी. एक, दोन, आणि गेलीच. लोंबकळून थांबल्यावर रबरी होडीतल्या दोघांनी लांब काठी पुढे केली, तिने ती धरली, त्यांनी तिला ओढून होडीत आडवं केलं आणि पट्टे सोडले. वर पुढच्या माणसाच्या घोट्यांना तोवर टॉवेल.

"मावशी, तू पण जा ना," हे तिने वर आल्यावर तीनदा म्हणून बघितलं. नाही गेले. भीती होतीच, पण तेवढंच कारण नव्हतं. कोकणकड्याच्या टोकाशी पोटावर झोपून खाली बघितलं होतं, तेव्हा दोरी नव्हती, काटा नव्हता, पाय धरायला फक्त मैत्रीण होती. ती भीती माझी स्वतःची होती. इथे दुसऱ्या कुणीतरी आधीच सगळा हिशेब करून ठेवलेला. त्या हिशेबाला मी मनापासून दाद देते, पण त्याला साहस म्हणायला जीभ रेटत नाही. भाचीला हे बोलले नाही. उडी मारून आलेल्या माणसाशी वाद घालू नये.

शॉटोव्हर नदीतल्या जेटबोटीत मात्र बसले आणि पोटभर किंचाळले. ही बोट या देशाचीच देणगी. बिल हॅमिल्टन या माणसाने १९५० च्या दशकात पंखा बाहेर न ठेवता पाण्याचा झोत मागे फेकणारी बोट उथळ नद्यांसाठी तयार केली. घोटाभर पाण्यातूनही ती सुटते. चालक हात वर करून हवेत तर्जनी फिरवतो, म्हणजे आता गिरकी. तेवढ्यात दांडी घट्ट पकडायची. कड्यापासून वीतभर अंतरावरून गेलो असं मला वाटलं. वीतभर नसेलही.

रविवार

वाकाटिपू सरोवर नकाशावर वेड्यावाकड्या इंग्रजी एस अक्षरासारखं दिसतं, सुमारे ८० किलोमीटर लांब. हिमनदीने कोरलेलं. इथल्या मूळच्या माओरी लोकांच्या कथेत हा झोपेत जाळून मारलेल्या राक्षसाचा, मताऊचा ठसा आहे आणि त्याचं हृदय अजून धडधडतंय, म्हणून पाणी खालीवर होतं. पाणी खरंच होतं खालीवर, साधारण पंचवीस मिनिटांनी, काही सेंटिमीटर. भूगोलवाले त्याला सरोवरात अडकून हिंदकळणारी लाट म्हणतात. धक्क्याच्या पायरीवर बसून बघायचा प्रयत्न केला. बदकांनी आणि बोटींनी पाणी ढवळून ठेवलं होतं, काही कळलं नाही.

दुपारी अर्न्सलॉ. १९१२ ची कोळशावरची आगबोट, ड्युनेडिनला बांधून, सुटी करून, रेल्वेने किंग्स्टनला आणून पुन्हा जोडलेली. वरच्या डेकवर सगळे रिमार्केबल्स डोंगरांच्या दातेरी रांगेचे फोटो काढत होते. मी इंजिनघरावरच्या अरुंद पुलावर थांबले. खाली एक तरुण भट्टीचं दार उघडायचा, फावडंभर कोळसा आत फेकायचा, नुसता ढकलायचा नाही, मनगट वळवून पसरायचा, आणि दार लावायचा. तासाला टनभर कोळसा लागतो म्हणे. अख्ख्या गावात घाम गाळणारं मला दिसलेलं हे एकच काम. बाकी सगळे मजा करत होते किंवा मजा विकत होते.

संध्याकाळी ॲरोटाउन, जवळचं जुनं खाणगाव. १८६२ मध्ये इथल्या नदीत सोनं सापडलं. जॅक टेवा या माओरी माणसाला ते आधी दिसलं, पण वस्तीला सुरुवातीला नाव पडलं विल्यम फॉक्स या दुसऱ्या खाणवाल्याचं. त्याच सुमारास रीस या मेंढपाळाने क्वीन्सटाउनातल्या आपल्या लोकरीच्या शेडचं हॉटेल करून टाकलं. पर्यटनाचं दुकान तिथे तेव्हापासूनच उघडं आहे. पुढच्याच वर्षी आलेल्या पुरांत कितीतरी खाणवाले वाहून गेले.

मला बघायची होती चिनी वस्ती. सोनं ओसरल्यावर गोरे खाणवाले दुसरीकडे पळाले, तेव्हा ओटागो या इथल्या प्रांतातल्या व्यापाऱ्यांनी चिन्यांना बोलावून घेतलं. दुसऱ्यांनी टाकलेली वाळू ते पुन्हा चाळत बसले. ओढ्याकाठी त्यांच्या झोपड्या दुरुस्त करून ठेवल्या आहेत. दगड, माती, पत्रा. एक तर थेट कातळाला टेकवलेली, म्हणजे एक भिंत वाचली. मी बुटकी, तरी दारातून वाकून आत जावं लागलं. आत चुलीएवढी शेकोटी आणि एका माणसाच्या झोपेपुरती जागा. क्वांगतुंगहून समुद्र ओलांडून, घरच्यांना मागे ठेवून, या थंडीत. आणि १८८१ पासून नव्याने येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर १० पौंडांचा कर, १८९६ पासून तोच १०० पौंड. सरकारने माफी मागितली २००२ मध्ये.

भाची आत डोकावून म्हणाली, "इतक्यात राहायचे?" मग फलकावरचा कराचा आकडा तिने दोनदा वाचला आणि फोनवर आजच्या पैशांत किती होतील ते शोधत बसली. बस सुटायला दहा मिनिटं होती. तिला हाताला धरून ओढत आणलं.

उद्या सहाला मिलफर्डची गाडी. पाऊस सांगितलाय. रेनकोट वर काढून ठेवलेत, चिवड्याची शेवटची पुडी तिच्या पिशवीत आहे, ती सकाळपर्यंत उरली तर बरं.